ताणाची चावी

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वरूडमध्ये बातमी उठली की देवमन वानखडेनं पाणी सोडलं. संत्र्याच्या पॅकिंग शेडवर सकाळी क्रेट उतरतात तशा अर्ध्या तालुक्याच्या खबरीही उतरतात. तिथंच हे पक्कं झालं. "अमरावतीले पोराच्या घरी पडून हाय. कॅन्सर हाय पोटात. डाक्टरनं हात टेकले, मंग बुढ्यानं पाणीच सोडलं. घोट बी घेत नाई म्हणते." दुपारपर्यंत त्याला "डोळे पांढरे केले" हे शेपूट लागलं. संध्याकाळी तर एका बाईनं चांदूर रेल्वेच्या बहिणीला फोन करून विचारलं, मयताला दोघी मिळून जाऊ का.

देवमननं पाणी सोडलं नव्हतं. झालं होतं एवढंच की त्यानं अमरावतीतल्या साईनगरच्या दुसऱ्या माळ्यावरच्या गॅलरीतून एक ग्लास खाली रिकामा केला, आणि त्यातलं पाणी नेमकं पावडरी-गोळ्या विकणाऱ्या गोवर्धनच्या स्कूटीच्या सीटवर पडलं. ग्लासात गोवर्धनचीच पावडर होती. आता "माही पावडर बुढ्यानं माह्याच सीटवर ओतली" असं सांगत कोण फिरतो? गोवर्धननं वरूडला जाऊन सांगितलं, "बुढा पाणीच घेत नाई, तं आपलं प्रॉडक्ट तरी काय करन?"

आता हा ग्लास रिकामा करण्याची वेळ कशी आली, ते पहिल्यापासून.

देवमन अडुसष्ट वर्षांचा. स्वतःची जमीन दीड एकर, तीही कोरडवाहू. पण हजार-बाराशे झाडांचे मालक डिसेंबर लागला की त्याच्या तोंडाकडे पाहत बसत, कारण देवमन ताण द्यायचा. संत्र्याला आंबिया बहार आणायचा तर थंडीत बागेचं पाणी तोडावं लागतं. हलक्या जमिनीत महिनाभर, काळ्या भारी जमिनीत त्याहून जास्त. झाड मलूल होतं, पानं पिवळी पडून गळायला लागतात, मालकाचा जीव खालीवर होतो. मग नेमक्या दिवशी पाणी सोडलं की सारी बाग पांढरी होते. आधी सोडलं तर नुसती हिरवी पालवी, फूल नाही. फार उशीर केला तर झाडच खचतं. तो नेमका दिवस देवमन सांगे. एक पान तोडायचा, मुठीत दाबायचा, कानाशी नेऊन चुरगळायचा आणि म्हणायचा, "अजून नाई."

"अरे देवमन, मरतीन झाडं!"

"नाई मरत. भेवू द्या थोडं. भेलं म्हणजेच फुलते ते."

म्हणून त्या भागात एक रीतच पडून गेली होती. ताण बसला की मोटरच्या स्टार्टर पेटीला कुलूप लागे आणि चावी देवमनच्या बंडीच्या आतल्या खिशात जाई. मालकाकडे चावी ठेवायची नाही, कारण मालकाला दया येते.

दया एकदा देवमनच्या घरातल्याच माणसाला आली होती. देवमनला पहिल्यांदा चावी मिळाली तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. बागेतच खोपडं बांधून राहायचा, नवी नवी ऐट होती. विहिरीजवळचं एक झाड अगदी कोमेजलेलं पाहून दुर्गाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, राहवलं नाही. तांदूळ धुतलेलं पाणी, भांड्यांचं पाणी, ती रोज गुपचूप त्याच्या बुडाशी टाकत गेली. फेब्रुवारीत सारी बाग फुलली आणि विहिरीजवळचं ते एकटं झाड हिरवंगार, तुकतुकीत, बिनफुलाचं उभं राहिलं. देवमन सगळ्या मजूर बायांसमोर ओरडला, "लाड करून करून वांझ केलं तुनं झाडाले!"

लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. बाया खाली पाहू लागल्या. दुर्गाबाई काही बोलली नाही. त्या वर्षी नाही, नंतर कधीच नाही. पुढच्या वर्षी ललित झाला, पण तो शब्द काही परत घेतला गेला नाही. देवमनच्या घशात तो चव्वेचाळीस वर्षं तसाच पडून होता, माशाच्या काट्यासारखा.

यंदा जूनमध्ये त्याची पाठ दुखायला लागली. ऑगस्टमध्ये डोळे पिवळे झाले. कोणी कावीळ उतरवायची माळ घातली, कोणी ऊस चोखायला लावला. अंगावरचं मांस मात्र उतरतच गेलं. ललित अमरावतीला जिल्हा परिषदेत कारकून आहे, त्यानं उचलून आणलं. स्कॅन केला तर स्वादुपिंडात गाठ. अडुसष्ट वर्षं जी वस्तू पोटात घेऊन फिरलो तिचं नाव आज कळावं आणि तेही अशा कामासाठी, याचा देवमनला फार राग आला. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला बिलगून बसलेली. कापता येणार नाही, आधी औषधानं दाबून पाहू, असं डॉक्टर साधना गावंडे यांनी सांगितलं.

आणि ऑक्टोबरपासून तो साईनगरच्या दोन खोल्यांत अडकला. दर पंधरा दिवसांनी दवाखाना. दिवसभर सलाइन, मग औषधासाठी छातीत बसवलेल्या बटणाला एक पंप जोडून घरी. तो पंप दोन दिवस गळ्यात, बैलाच्या लोढण्यासारखा. कूस बदलली की नळी ओढते. औषधानं थंडीशी वैर लावून दिलं. स्टीलच्या ग्लासाला बोट लागलं की हातभर मुंग्या, गार पाण्याचा घोट घशात काच होऊन बसायचा. रक्तातल्या पेशी कमी, म्हणून बाहेर जायचं नाही, कोणाला भेटायचं नाही. गॅलरीला लोखंडी जाळी. जाळीतून दिसायची समोरच्या इमारतीची टाकी, रोज सकाळी साडेसहाला भरून भळाभळा वाहणारी. आयुष्यभर पाणी तोडलेल्या माणसाच्या नशिबी हे पाहणं आलं. तो रोज पुटपुटायचा, "अरे बंद करा नं कोणी." कोणी करत नसे.

पण जाळीपेक्षा पक्कं होतं ते दुर्गाबाईचं प्रेम. सकाळी सातला हळदीचा काढा. आठला नारिंगी पावडर. दहाला दोन कॅप्सूल. दुपारी पुन्हा पावडर, संध्याकाळी एक जांभळं सिरप, झोपताना आणखी एक गोळी. हे सगळं गोवर्धन आणून द्यायचा. तो पूर्वी क्रेट भरायचा. अकोल्याला कुठल्याशा कंपनीच्या मीटिंगला जाऊन आला आणि टाय बांधूनच परतला. घरातली नात दीक्षा बारावीला होती, आणि तिला गोवर्धन आला की सण वाटायचा. तो जिना उतरला रे उतरला की ती ओढणीचा टाय करून सुरू व्हायची: "काकू, बॉडी म्हंजे काय? लोखंड! लोखंडाले काय लागते? गंज! आपलं प्रॉडक्ट काय करते? आतून, एकदम आतून, गंज काढते! हंड्रेड पर्सेंट नॅचरल! साइड इफेक्टच नाई तं भेव कायचं?" देवमनला हसताना बरगड्या दुखायच्या. तो ग्लास मात्र प्यायचा. बायको हातात ग्लास घेऊन समोर उभी राहते तेव्हा माणूस काय करणार?

चार डोस झाले आणि पुन्हा स्कॅन झाला. गुरुवार होता. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि बराच वेळ धरून ठेवली.

"कमी झाली नाही, आजोबा. उलट थोडी वाढल्यासारखी दिसते." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आमच्या औषधाबरोबर आणखी काही घेता का? पावडर, गोळ्या, काढे?"

देवमननं दुर्गाबाईकडे पाहिलं. दुर्गाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती.

"का विचारते, सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "हे औषध त्या गाठीच्या पेशींवर ताण आणतं. आतून जाळतं म्हणा. तो ताण सोसला नाही की पेशी मरते. पण स्वादुपिंडाची गाठ भारी बेरकी. ती आपली सोय स्वतःच करून ठेवते. आग लागली की विझवायला पाणी तिच्या घरात आधीच भरलेलं असतं. म्हणूनच हा आजार औषधाला दाद देत नाही. त्यात आपण बाहेरून त्या गंज काढणाऱ्या, अँटिऑक्सिडंट म्हणतात तशा गोळ्या भरभरून दिल्या, तर ते पाणी तिलाही मिळू शकतं. अगदी शंभर टक्के सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही. पण शत्रूच्या घरी आपण घागरी कशाला पोचवायच्या? फळं खा, पोटभर जेवा. डब्यातलं नको." त्यांनी फाइल मिटली. "पुढच्या गुरुवारी ठरवू. हेच औषध चालू ठेवायचं, की बंद करून दुसऱ्यावर जायचं. दुसरं याच्याहून हलकं आहे. म्हणून हे सोडण्याआधी मला खात्री पाहिजे."

देवमनच्या डोळ्यांपुढं ते विहिरीजवळचं झाड लख्ख उभं राहिलं. हिरवंगार, तुकतुकीत.

सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम. "हो बाई, सहा वेळा घेतो." पण ते वाक्य तोंडातून निघालं असतं तर मुलासमोर, नर्सेससमोर, दुर्गाबाईच्या डोक्यावर जाऊन बसलं असतं: नवऱ्याच्या गाठीला हिनं पाणी घातलं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी एकदा तो सगळ्यांसमोर तिला बोलला होता. दुसऱ्यांदा? न सांगावं तर पुढच्या गुरुवारी औषध बंद. सांगावं तर ही मोडणार. तो म्हणाला, "नाई बाई. काही नाई."

घरी आल्यावर त्याला वाटलं, ऐकलंय तर आता ही आपणहून थांबेल. शुक्रवारी सातला काढा आला. आठला नारिंगी ग्लास आला. देवमन म्हणाला, "मळमळून राहिलं, राहू दे." दुपारच्या वरणाला संत्र्याच्या सालीचा वास यायला लागला. ताक नारिंगी झालं. एरवी ताक नारिंगी झालेलं पाहून त्यानं साऱ्या घराला हसवलं असतं. आता तो वाटीकडे नुसता पाहत राहिला. आणि दुर्गाबाईही त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं.

शनिवारी तिची पाठ वळलेली पाहून त्यानं ग्लास उचलला, गॅलरीत गेला, जाळीच्या खालच्या फटीतून रिकामा केला. खाली नवा डबा घेऊन आलेला गोवर्धन स्कूटी लावत होता. पुढचं वरूडला माहीतच आहे.

सोमवारी सकाळी रस्त्यावरून हाक आली. "देवमन! अरे वो देवमन! जित्ता हायेस का नाई?"

खाली किसनराव उभे. बाराशे झाडांचे मालक, डोक्याला मफलर, डोळ्यांत पाणी. देवमननं जाळीला तोंड लावलं. "हाव नं! तुमी कावून बोंबलून राहिले?"

"तुनं पाणी सोडलं म्हणते साऱ्या वरुडात!"

"कोण म्हणते?"

"सारे! बरं, जित्ता हायेस तं हे घे. कालपासून ताण बसवला." त्यांनी खिशातून चावी काढून वर दाखवली. "तू इथं असो का कुठी असो, चावी माह्याकडे ठेवणार नाई मी. मले माहं माहीत हाय."

भेटायला वर यायची मनाई, म्हणून दीक्षानं जाळीच्या छोट्या दारातून भाजीची पिशवी दोरीनं खाली सोडली. पिशवीतून चावी वर आली. तिच्यासोबत दोन संत्री आणि किसनरावांचं "खाऊन घे, झाडावरचे हायेत" हेही आलं.

मागे दुर्गाबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "लोक म्हणते तुमी पाणी सोडलं?" तिचा आवाज फाटला होता.

देवमननं दीक्षाकडून कोमट पाण्याचा ग्लास मागून घेतला आणि दुर्गाबाईसमोर उभं राहून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग रिकामा ग्लास खाली ठेवून, चावी बंडीच्या खिशात टाकण्याऐवजी त्यानं तिच्या पदराचं टोक हातात घेतलं आणि त्यात गाठ मारली.

"ललितची माय, या साली चावी तुह्यापाशी."

एवढंच. पण सोमवार संध्याकाळ, मंगळवार, बुधवार, नारिंगी ग्लास आला नाही. तिनं डबे कुठे ठेवले ते कोणी विचारलं नाही. आजी स्वयंपाकघरात नुसती भांडी घासत होती, घासलेलीच पुन्हा.

बुधवारी दीक्षा गॅलरीत आजोबांच्या शेजारी बसली. "आबा, पावडर तं बंद झाली. पण डाक्टरीणबाईले कोण सांगन? सांगतलं नाई तं त्या उद्या औषध बदलतीन."

"तुह्यी आजी सांगन."

"आजी? मम्मीनं 'मीठ जास्त झालं का' असं विचारलं तरी ती दोन दिवस मानत नाई! नाईच सांगणार. लावा पैज."

"लाव. हरलीस तं?"

"तुमी म्हणसान ते."

"मंग एक दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, कोनाचीच नक्कल नाई. गोवर्धन नाई, डाक्टरीणबाई नाई, मी बी नाई."

दीक्षाला ही शिक्षा फासासारखी वाटली, पण जिंकणार कोण याबद्दल तिला शंका नव्हती. "अन् मी जिंकली तं तुमी माह्यासोबत रील काढायची. टाय बांधून."

"काढू," देवमन म्हणाला, आणि समोरच्या वाहणाऱ्या टाकीकडे पाहत राहिला. त्याला स्वतःलाही खात्री नव्हती. चुरगळून पाहायला तिथं पान नव्हतं.

गुरुवारी चौघंही दवाखान्यात. दीक्षानं क्लास बुडवला होता. डॉक्टरांनी फाइल उघडली.

"मग बाकी काही चालू नव्हतं, हे नक्की ना? तर औषधच काम करत नाहीये असं मला धरावं लागेल. आज बदलून टाकू." त्यांनी पेनचं टोपण काढलं.

देवमननं तोंड उघडलं. घशातला काटा हलला. शेजारी दीक्षा बोटांवर आकडे मोजत होती, रीलला किती लोक पाहतील याचे.

"डाक्टरीणबाई," दुर्गाबाई म्हणाली, "पेन ठेवा."

तिनं मांडीवरची कापडी पिशवी उघडली. टेबलावर नारिंगी डबा आला. मग कॅप्सूलची बाटली. मग जांभळं सिरप. मग गोळ्यांची पट्टी. मग हळदीची पुडी. ललित ताडकन उठला, "माय!"

"बस तू. म्या देत होती बाई. यायनं नाई मांगलं. नाई म्हणले तं वरणात देल्लं, ताकात देल्लं. मागच्या गुरवारी तुमी सांगतलं तवाच मले समजलं. आमच्या विहिरीपाशी एक झाड होतं, मले तेच दिसलं. पण लगेच थांबली असती तं कबूल केल्यासारखं झालं असतं नं? म्हणून देतच राहिली." मग अगदी बारीक आवाजात: "म्या यायले मारलं का?"

दीक्षाची बोटं मधल्या आकड्यावरच थांबली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नाही आजी. ही गाठ मुळातच हट्टी आहे. हे डबे नसते तरी तिनं औषधाला दाद दिली नसती, असंही असेल. मला माहीत नाही. पण हे मला आज कळलं नसतं तर मी औषध बंद करून बसले असते. आता याच औषधाचे दोन डोस आणखी देऊन पाहू. आणि डबे इथंच राहू द्या."

परतीच्या ऑटोत ललित पुढं बसला. मागे तिघं. राजापेठेच्या सिग्नलला देवमन बाहेर पाहत म्हणाला, "ललितची माय, त्या झाडाच्या वेळेस म्या सर्वायसमोर जे बोललो..."

"मले आठवते."

"चुकलं माहं."

"चव्वेचाळीस वर्सं लागले तुमाले?"

"काळी जमीन हाय वो माही," देवमन म्हणाला. "टाईम लागते."

दुर्गाबाईनं पदर तोंडाला लावला. त्या पदरात चावी होती, ती दातांवर खट्कन वाजली, आणि दोघंही हसली.

पुढचे दोन डोस वाईट गेले. तोच पंप, तीच जाळी, तीच टाकी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात स्कॅन झाला. गाठ वाढली नव्हती. एका बाजूनं जराशी आत आली होती. "याला मी जिंकणं म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कशामुळे झालं तेही छातीठोक सांगणार नाही. पण हे औषध चालू राहील." म्हणजे पुन्हा पंधरा दिवसांनी पंप, पुन्हा दोन खोल्या, उन्हाळ्यापर्यंत तरी. देवमननं फक्त एक दिवसाची सुटी मागितली. मास्क लावून, गर्दीत न जाता. ती मिळाली.

आणि तोच दिवस त्यानं पैजेचा म्हणून काढला. मुद्दाम.

त्या दिवशी किसनरावांच्या बागेत साठ मजूर जमले होते. देवमन खाटेवर ब्लँकेट पांघरून बसला. दीक्षानं त्याला एक पान तोडून दिलं. त्यानं मुठीत दाबलं, कानाशी नेलं, चुरगळलं. सगळे श्वास धरून. "आज," तो म्हणाला. दुर्गाबाईनं पदराची गाठ सोडली, स्वतः जाऊन स्टार्टर पेटीचं कुलूप काढलं. मोटर घरघरली.

मग बाया दीक्षाभोवती जमल्या. "पोट्टे, गोवर्धन काढ नं! ते गंजाचं काढ!" आणि गोवर्धन स्वतः तिथंच, टाय लावून, चुलीपाशी चहा पीत उभा. त्याच्या तोंडातून निघालं, "काकू, एकदम आतून..." दीक्षाचे ओठ थरथरले. तिनं ते दाबले आणि मान हलवली. खाटेवरून देवमन डोळे बारीक करून पाहत होता.

संध्याकाळी गाडीत बसताना त्यानं विचारलं, "कशी वाटली बाग?"

"चांगली," ती म्हणाली.

"हा कोनाचा आवाज काढला वो?"

"माहाच हाय, आबा."

"असा हाय काय?" देवमन म्हणाला. "म्या पहिल्यांदाच आयकला."

पैज हरलेली ती नात म्हणजे हे लिहिणारीच. त्या दिवशी गोवर्धन तिच्या जिभेवर अकरा वेळा आला, आणि अकराही वेळा तिनं त्याला गिळलं.